भात्याच्या कॅमेऱ्यातला आठवा फोटो

आमच्या घरात भिंतीवरचे आणि पेटीतले धरून आईचे अकरा फोटो आहेत, आणि त्यातल्या एकातही माझी आई नाही.

आईला कोड आहे. माझ्या पाठचा भाऊ झाला त्या वर्षी ओठाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका उठला, आणि मग तो वाढत गेला. आता अर्धं कपाळ, डाव्या डोळ्याभोवतीचं कडं, हनुवटी आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे आहेत. बाकी आई उन्हात राबलेल्या कुठल्याही बाईसारखी सावळी. हे मी पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण आमच्या घरात हा शब्द पन्नास वर्षं कुजबुजत उच्चारला गेला आणि मला कुजबुजण्याचा आता कंटाळा आला आहे.

फोटोतली बाई मात्र सगळीकडून गोरी आहे. ती घडवली माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. कोल्हारला नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, रंगवलेला एक पडदा, एक बाक, आणि मागे काळोखी खोली. पुढच्या खिडकीशी दादांचं तिरकं मेज होतं. त्यात घासलेली काच बसवलेली, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवून ते पेन्सिलीनं चेहरे साफ करायचे. पेन्सिलीचं टोक पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं लांब केलेलं असे. देवीचे व्रण, मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या टोकाखाली नाहीसं व्हायचं. लोक लांबून यायचे. दादांचा हात फार गोड आहे, असं म्हणायचे.

आता या कामातली एक गोम सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं आणि काळं ते पांढरं. पेन्सिलीला फक्त काळं करता येतं. म्हणजे छापलेल्या फोटोत ती फक्त उजळ करू शकते. आईच्या चेहऱ्यावरचे पांढरे डाग निगेटिव्हवर काळे होते. ते पुसता येईनात. ब्लेडनं खरवडावं तर निगेटिव्ह फाटायचं. मग दादांनी उलटा मार्ग धरला. आईचा जो चेहरा अजून सावळा होता, तोच पेन्सिलीनं भरत भरत डागांच्या रंगाला आणून ठेवला. तासन्‌तास बसून, एकेक ठिपका टाकत. कोड लपवण्यासाठी माझ्या वडिलांनी आईचा सगळा चेहराच कोडाचा करून टाकला आणि लोक म्हणाले, बाई काय गोरी आहे.

दादांचा जीव होता आईवर, यात शंका नाही. ते म्हणायचे, "फोटोत तरी." माझाही दादांवर जीव होता, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ केलेलं नाही. ते गेले तरी नाही.

स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा भंगारात गेला. बाहेरगावच्या लग्नांना आणि बारशांना दादा जो न्यायचे तो भात्याचा कॅमेरा मात्र माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. मिटलेला असताना तो एखाद्या जाडजूड पोथीएवढा दिसतो. काळं चामडं, कडांना निकेलची पट्टी. वरची कळ दाबली की झाकण खाली पडतं, आतून काळा भाता लांब होतो आणि त्याच्या तोंडाशी भिंग उभं राहतं. दोन्ही बाजूंच्या कमानी खट् आवाज करून अडकल्या म्हणजे समजायचं, तयार. पाठीमागे नखाएवढी लाल काच. चावी फिरवली की तिच्यातून कागदावरचा आकडा सरकताना दिसतो. एक ते आठ. एका रोलमध्ये आठच फोटो, नववा मागायचा नाही.

त्याला बॅटरी नाही. तो काही विचारत नाही आणि काही सुधारून देत नाही. बटण दाबलं की समोर जे असेल ते घेतो. लबाडी असते ती पुढे मेजावर होते. कॅमेऱ्याकडून माझी कधीच तक्रार नव्हती.

मी आठवीत असल्यापासून दादांच्या हाताखाली होते, म्हणून त्याचे नियम मला पाठ. झाकण कधी झटक्यात सोडायचं नाही, तळहातावर तोलून सावकाश उतरवायचं. भाता एकदम ताणला की आत हवा ओढतो आणि हवेबरोबर फिल्म पुढे फुगते. मग भिंग कितीही चांगलं असो, मधला भाग धूसर येतो. दुसरा नियम, आधी उघडायचं आणि मगच चावी फिरवायची, म्हणजे फिल्म पुन्हा ताठ होते. तिसरा, अंतर डोळ्यांनी ठरवायचं नाही. दादांकडे गाठी मारलेली सुतळी होती, फुटाला एक गाठ. सुतळीचं एक टोक माणसाच्या नाकाशी धरायचं, दुसरं भिंगाशी, गाठी मोजायच्या आणि भिंगाची कडी त्या आकड्यावर फिरवायची. मग बाजूची बारीक दांडी ओढून शटर चढवायचं, श्वास सोडायचा आणि दाबायचं. आणि दाबल्यावर लगेच कुठेतरी टिपून ठेवायचं, कारण चावी फिरवायची राहिली तरी हा कॅमेरा अडवत नाही, त्याच जागेवर दुसरा फोटो चढवतो. दादांनी एकदा एका नवरदेवावर बैलजोडी चढवली होती. नवरीकडच्यांना तो फोटो फार आवडला.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. घरचा फोटो त्यांच्याकडे आधीच गेला होता, पेन्सिलीचा. पाहुणे ओसरीवर बसले, पोहे झाले, चहा झाला, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिला ताप आहे असं दादांनी सांगितलं. मी चहाचा ट्रे आणायला आत गेले तर ती चुलीपुढे पाटावर बसली होती, नवं लुगडं नेसून. कुणासाठी नेसली होती, देव जाणे. मला म्हणाली, जा, चहा गार होतोय. मी गेले. तोंडातून शब्द काढला नाही.

लग्न झालं. लग्नात आईला समोर यावंच लागलं, आणि माझ्या सासूबाईंनी काय पाहायचं ते पाहिलं. त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. फक्त आई माझ्याकडे आली की तिच्यासाठी फळीवरच्या मागच्या रांगेतला एक कप निघायचा, कान तुटलेला. तो कप दुसऱ्या कुणाला दिला जात नसे. मी तो सासूबाई असेपर्यंत, सतरा वर्षं, वेगळा घासला, वेगळा पालथा घातला. सासर सुप्याचं; तिथल्या एमआयडीसीत मी मायक्रोमीटर घेऊन पार्ट तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी आख्खी पेटी परत पाठवायचे, सुपरवायझरशी भांडायचे. आणि घरी येऊन तो कप निमूट घासायचे. ही माझी मर्दुमकी.

आता मी निवृत्त झाले आहे. आई भावाकडे कोल्हारला असते. भावाचं खताबियाण्यांचं दुकान आहे. त्याची मुलगी, माझी भाची, फार्मसी शिकली आणि नोकरीला लागली. दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. बायोडाटाबरोबर घरच्यांचा फोटो पाठवायची पद्धत आता मोबाईलवर आली आहे, एवढाच बदल. भावानं सगळ्यांना अंगणात उभं करून फोटो काढला. त्याच्या मोबाईलनं मनानंच सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत केले. जे राहिलं ते त्यानं बोटानं घासून उरकलं. मी त्या दिवशी तिथं होते. त्यानं कौतुकानं मोबाईल आईपुढे धरला.

आईनं चष्मा लावून पाहिलं. मग विचारलं, "ही कोन बाई?"

भाऊ हसला. तूच की, म्हणाला. आई हसली नाही. मोबाईल परत देऊन आत गेली. थोड्या वेळानं मी मागोमाग गेले तर ती भांडी लावत होती. पाठ माझ्याकडेच ठेवून तिनं विचारलं, दादांचा कॅमेरा अजून चालतो का? मी म्हटलं, का गं?

"माजा येक फोटू काढ. मी हाय तसा. अन् पाव्हनं आलं का त्यांच्यासंगं बी काढ. ह्या बारीला मी आत बसनार न्हाई."

मला एकदम वाटलं, दादांची जुनी निगेटिव्हं शोधावीत आणि टर्पेंटाईनच्या बोळ्यानं त्यावरची पेन्सिल पुसावी. पेन्सिलच ती, निघाली असती. आई नको म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे. ते त्यांचं काम हाय. मला माजं पायजे."

कॅमेरा पंचवीस वर्षं पेटीत होता. नगरला एका फोटोवाल्याला दाखवला. त्यानं तो हातात वरखाली करून मला सल्ला दिला की मॅडम, छान पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवा. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना ठेवलंस का शोकेसमध्ये? बिचारा ओशाळला. त्याचा दोष नव्हता, पण माझा स्वभाव असा.

मग मीच बसले. आयुष्यभर बारीक स्क्रूंशी संसार केलेली बाई मी. शटरची पाती जुन्या तेलानं चिकटली होती, ती लायटरच्या पेट्रोलनं धुतली. भिंगाच्या कडीतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते काढून नवं भरलं. खोलीत अंधार करून भात्याच्या आत टॉर्च लावला तर घड्यांच्या कोपऱ्यांतून सात ठिकाणी उजेड टिपकत होता. जुन्या छत्रीच्या कापडाचे कपटे पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशननं आतून चिकटवले. रोल आणि फिल्म धुवायच्या पावडरी पुण्याहून मागवल्या. सुतळी पेटीतच होती. तिच्या गाठी मी मोजपट्टीला लावून पाहिल्या आणि एकही गाठ चुकलेली नव्हती.

पहिला रोल मी घालवला, आणि तोही निव्वळ शेखी मिरवताना. आईला गंमत दाखवावी म्हणून प्रत्येक फोटोला कळ दाबून झाकण धाडकन सोडलं, भाता कसा उडी मारतो बघ म्हणून. वर चावी आधीच फिरवलेली. दादांनी टपली मारली असती. फिल्म धुतली तर आठही फोटोंत मधला भाग विरघळलेला. खांब स्वच्छ, भिंत स्वच्छ, आणि आईचा चेहरा एक सपाट धुरकट गोळा. डाग कुठेच नाहीत. आईनं ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "ह्यात बी न्हाईच मी." मी त्या दिवशी जेवले नाही.

जामखेडकडचं एक स्थळ भावाला पसंत पडलं होतं. मुलगा चांगला, नोकरी पक्की. ते रविवारी येणार असं ठरलं. शुक्रवारी मी कोल्हारला पोचले तर भावानं आईसाठी लांब बाह्यांचं ब्लाउज शिवून आणलेलं होतं आणि पावडरीचा एक डबा. तो वाईट माणूस नाही. आईची औषधं, डॉक्टर, चष्मा, सगळं तोच बघतो. पण त्याच्या मते पाहुणे असेपर्यंत आईनं आतल्या खोलीत पडून राहावं हे उत्तम, आणि बाहेर यायचंच असेल तर हे घालून. मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की आई बाहेर बसेल, अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये बसेल, आणि मी फोटो काढणार. चांगलीच जुंपली आमची. कोड संसर्गजन्य नाही, हे त्याला माहीत आहे. त्याच्या मुलीनंच त्याला दहादा सांगितलंय. पण अडलं होतं ते दुसरीकडे.

"आक्का, तुझं बरं हाय," तो शेवटी म्हणाला. "तू भांडशील अन् सुप्याला निगून जाशील. मला हितं ऱ्हायचंय. पोरीचं मोडलं तर तोंड मला दाखवायचंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, माझ्या वेळी मी गप्प बसले आणि सतरा वर्षं कप घासला. तुझ्या पोरीला कोणता कप घासायला लावणार आहेस? तो चपला घालून दुकानात निघून गेला. लांब बाह्यांचं ब्लाउज मात्र शनिवारी दांडीवरून नाहीसं झालं. भाचीनं ते कापून कॅमेऱ्याची पिशवी शिवली होती.

शनिवारी सकाळी मी आईला ओसरीवर खुर्चीत बसवलं. झाकण तळहातावर घेऊन, दमानं, एखादं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं उतरवलं. मग चावी. मग सुतळी. सुतळीचं टोक आईनं स्वतःच नाकाशी धरलं. तिला ते आठवत होतं. दादाही असंच करायचे, म्हणाली. एकेक करत सात फोटो काढले. हात पदराखाली घेऊ नकोस हे मला सांगावंही लागलं नाही. तिनं ते मांडीवर उघडे ठेवले होते. सातवा झाल्यावर कॅमेरा मिटला, वहीत टिपलं आणि थांबले. आठवा पाहुण्यांसाठी.

रविवारी ते आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि एक काका. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या, मधे टीपॉय. आई आधीच येऊन बसली होती. पाहुण्यांनी पाहिलं, क्षणभर थबकले, आणि नमस्कार करून बसले. शहाणी माणसं होती. मुलाच्या आईला आईशेजारची खुर्ची मिळाली. पाऊसपाणी, ऊस, रस्ता, सगळं बोलणं नीट झालं. भाची चहा करायला उठली तेव्हा त्या बाई मोकळेपणानं म्हणाल्या, मला जरा गोड लागतो हं, साखर जास्त टाक. भाचीनं त्यांच्यासाठी एक कप वेगळा केला.

ती ट्रे घेऊन आली. बाकीच्यांनी आपापले कप उचलले. गोडाचा कप आईच्या बाजूला होता, म्हणून आईनं तो उचलला आणि शेजारी बसलेल्या बाईंना दिला. आपल्या हातानं. पन्नास वर्षांत पाहुण्याला दिलेला तिचा हा पहिला कप असावा. बाईंनी तो घेतला, हसून. भावाचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

पाऊण तासानं मी तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावला, झाकण सावकाश उतरवलं आणि चावी फिरवून लाल काचेत आठचा आकडा आणला. पाहुण्यांना मौज वाटली. मुलाच्या वडिलांनी जवळ येऊन पाहिलं, आमच्या लग्नाला असाच होता म्हणाले. मी सुतळी ताणली, दहा गाठी. भिंगाची कडी दहावर आणली, शटर चढवलं. कुणी हलू नका, म्हटलं. आणि दाबलं. बारीकसा आवाज झाला. काढला का, असं मुलाच्या काकांनी विचारलं. इतक्या हळू आवाजावर त्यांचा विश्वास बसेना. पाहुणे हसतखेळत गेले. भाऊ रस्त्यापर्यंत पोचवायला गेला आणि परत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, चांगलं झालं सगळं. मलाही तसंच वाटत होतं.

सोमवारी सकाळी दहाला फोन आला. मुलगी पसंत आहे. भावानं पेढे आणले. पहिला पेढा त्यानं आईच्या हातावर ठेवला आणि दुसरा माझ्या. त्याच्याशी भांडणात मी हरले असते तरी मला चाललं असतं, इतका तो त्या वेळी आनंदात होता.

दुपारी मी कोठीच्या खोलीला गोधड्या लावून ठार अंधार केला आणि फिल्म धुतली. दादांची पद्धत: फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि ताटातल्या औषधातून झोका दिल्यासारखी वरखाली, वरखाली ओढत राहायची. भाची दाराबाहेर बसून मिनिटं मोजून सांगत होती. मंगळवारी फिल्म वाळली तेव्हा मी ती थेट कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट काढले, निगेटिव्हच्याच मापाचे, तळहातापेक्षा लहान. मोबाईलवर बोटानं मोठं करायची सवय झालेल्यांना ते चिमुकले वाटतील. पण दादांचं भिंग लावून पाहिलं की त्यात सगळं असतं.

आधी मी आईपुढे सात फोटो मांडले. तिनं एक उचलला आणि खिडकीशी गेली. कपाळावरचा पांढरा भाग, डोळ्याचं कडं, हनुवटी, आणि मधला तिचा सावळा चेहरा. सुरकुत्या. मांडीवरचे हात. एकेका डागावरून तिनं बोट फिरवलं. मी म्हटलं, बोल की.

"हां," ती म्हणाली. "ही मी."

मी रडले. सांगायला लाज कसली.

तेवढ्या वेळात भाचीनं आठवा फोटो भिंगाखाली धरला होता. भिंग ती एकाच जागी पुन्हा पुन्हा नेत होती. मी विचारलं, हलला का? ती म्हणाली, "नाही आत्या. फार स्वच्छ आलाय." आणि भिंग माझ्या हातात दिलं.

सगळे नीट बसलेले. मुलगा हसतोय, भाऊ ताठ, आई मधोमध. टीपॉयवर कप. मुलाच्या वडिलांचा कप रिकामा, तळाशी थेंब. काकांचा रिकामा. मुलाचा रिकामा. आमचे सगळे रिकामे. आणि त्या बाईंच्या पुढ्यातला कप काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. त्यांचा एक हात मांडीवर होता आणि त्या हाताच्या मुठीत आपल्या पदराची आईच्या खुर्चीकडची कड गोळा करून धरलेली होती, आईला लागू नये अशी. तिथं समोर बसून, पाऊण तास बोलून, आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मला दिसलं नव्हतं, जिनं आयुष्यभर तपासण्याचीच नोकरी केली.

मी आधी म्हटलं, त्यांना नको झाला असेल चहा. असतं एखाद्याचं. मलाच माझा आवाज दादांसारखा वाटला. भाची म्हणाली, "त्यांनी मागून घेतला होता. साखर जास्त टाकून. तो कप मी वेगळा केला होता." मग तिनं फोटो घेतला आणि दुकानात वडिलांकडे गेली. मी मागोमाग गेले. युरियाच्या गोण्यांपाशी उभं राहून तिनं सांगितलं की नकार कळवा. त्यांचा होकार आलाय, आपला नकार जाऊ दे.

भाऊ भडकला. एका चहाच्या कपापायी चांगलं स्थळ घालवतेस, म्हणाला. त्याचा सगळा राग माझ्यावर आणि त्या कॅमेऱ्यावर निघाला. काढला नसतास फोटो तर काय बिघडलं असतं, असं त्यानं विचारलं. मी उत्तर दिलं की काहीच बिघडलं नसतं, पोरगी नांदायला गेली असती आणि आई तिच्याकडे गेली की फळीवरून एक वेगळा कप निघाला असता. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. नकार मात्र कळवला. मुलगी ऐकेना, असं सांगून.

मी सुप्याला परत आले. महिना गेला. आईचा फोन यायचा, भावाचा नाही. आठव्या फोटोचं काय केलंत, असं मी आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, तो तुझ्या भावानं घेतलाय, दुकानाच्या गल्ल्यात ठेवलाय. फाडला नाही ना? न्हाई, म्हणाली. भिंग बी घेऊन गेलाय.

गेल्या बुधवारी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. आवाज चिडलेलाच होता.

"आक्का, त्या कॅमेऱ्याचा रोल मिळतो का अजून?"

मी म्हटलं, मिळतो. का?

"येत्या ऐतवारी दुसरं पाव्हनं यायचेत. आई म्हनती चहा तीच देनार." मग म्हणाला, "तू शनिवारीच ये. अन् टीपॉय नीट दिसंल असा काढ."

मी दोन रोल मागवले.